काटा १९० वर, कापणी जागच्या जागी: ७२ सीसी चेनसॉच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२५

चंदगडकडचे एक ठेकेदार, अण्णा म्हणू, आपला कटर, म्हणजे चेनसॉ, घेऊन आले. मूळ मशीन जर्मन. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३४ मिमी, म्हणजे ७२.२ सीसी. मूळ सिलिंडर मागच्या पावसाळ्यात सीज झाला, म्हणजे पिस्टन आत अडकून बसला, तेव्हा बाजारातला सिलिंडर-पिस्टनचा सेट बसवलेला. तेव्हापासूनची तक्रार: "दादा, दोरी मारली की झटक्यात चालू होतंय, पण जाड नीलगिरीत घातलं की दम सोडतंय."

चेन नवी, बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) सरळ, जाळी साफ. नव्वद सीसीचं मोठं मशीन घ्यायची त्यांची तयारी नाही. पैशापेक्षा वजनाचा प्रश्न, दिवसभर ते हातात धरायचं असतं. तेव्हा आहे त्यातूनच काय निघतं ते काढायचं ठरलं. अट माझी एकच: प्रत्येक टप्प्याला मोजमाप आणि प्रत्येक टप्प्याला ओंडका. नुसता आवाज वाढला म्हणून ताकद वाढली, असं म्हणायची आपल्याकडे फार सवय आहे.

११ जानेवारी

उघडण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजच्या काट्यावर घेतलं. थंड इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा थांबेपर्यंत दोरी. १४५ पीएसआय. या छोट्या इंजिनाला गेज कुठलंही चालत नाही. ज्याचा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकापाशीच असतो तेच लागतं, नाहीतर नळीतली पोकळी कंबशन चेंबरमध्ये धरली जाते आणि काटा वीस-तीसने खोटा पडतो. दुसरं म्हणजे कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. हवाच पाच-सहा टक्के विरळ. परदेशी लोक "दोनशे पीएसआय" म्हणतात तो आकडा इथल्या काट्याशी लावू नये.

मग वखारीत ओंडका. वाळलेली नीलगिरी, साधारण सोळा इंच व्यास, वीस इंची बार, तीन अष्टमांश पिचची चेन. प्रत्येक फेरीआधी चेनला कानस, हात जड न करता मशीनच्या वजनावर कापायचं. सरासरी १५.२ सेकंद. हा झाला पाया.

१२ जानेवारी

सिलिंडर काढला. पिस्टन, रिंग ठीक. गजनपिनच्या (पिस्टन ज्या पिनवर बसतो ती) बेअरिंगला खेळ नाही.

स्क्विश मोजला, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना त्याची कड आणि हेड यांच्यात उरणारी फट. दीड मिमीची सोल्डरची तार, दोन्ही टोकं बोअरच्या भिंतीला टेकतील अशी वाकवून गजनपिनच्या रेषेत ठेवायची. आडवी ठेवली तर पिस्टन डुलतो आणि माप फसतं. क्रँक हाताने वरून एकदा फिरवला. तारेचं टोक चपटं होऊन पानासारखं पसरलं होतं, त्याच्या अगदी कडेला मायक्रोमीटर लावला: एका बाजूला १.०७, दुसऱ्या बाजूला १.१३. म्हणजे सरासरी १.१० आणि सिलिंडरची बैठकच तिरकी. डायलवर बघितलं तर बोअरच्या मानाने बेसला सहा शतांशाचा तिरपेपणा. बाजारातल्या सेटचं हे असंच असतं, कोणाचं नाव घेण्यात अर्थ नाही.

सिलिंडरच्या बुडाशी, क्रँककेसवर बसतं ते बेस पॅकिंग अर्ध्या मिमीचं.

चेंबरचं आकारमान: पिस्टन वर, प्लगचं भोक लेव्हलमध्ये, रिंगवर ग्रीसचा पातळ हात आणि इंजेक्शनच्या सिरिंजने ऑइल-रॉकेलचं मिश्रण. बुडबुडा राहतोच, सिलिंडर हलकेच टिचकी मारून तो वर आणायचा. प्लगच्या आट्यांचा वाटा वजा करून ८.३ सीसी. कागदावर कॉम्प्रेशन रेशो ९.७.

हा ९.७ टू-स्ट्रोकमध्ये दाखवायचा आकडा. सिलिंडरच्या भिंतीत तीन खिडक्या, म्हणजे पोर्ट: जळलेलं बाहेर सोडणारा एक्झॉस्ट, क्रँककेसमधून ताजं मिश्रण वर आणणारा ट्रान्सफर, कार्बोरेटरकडून ते क्रँककेसमध्ये घेणारा इनटेक. एक्झॉस्ट बंद झाल्यावरच दाबायला सुरुवात होते, त्यामुळे खरा रेशो तिथून मोजायचा. मॅग्नेटच्या जागी अंश आखलेली डिग्री चकती लावली:

एक्झॉस्ट उघडतो टीडीसीनंतर (पिस्टनचं सर्वात वरचं टोक) १०० अंशांवर. ट्रान्सफर १२१ वर. इनटेक टीडीसीआधी ७७ वर. म्हणजे एक्झॉस्ट आणि ट्रान्सफरमध्ये २१ अंशांची मोकळीक, आणि खरा दाबाचा रेशो जेमतेम ६.७.

इथेच दम का सुटतो ते थोडं कळलं. अर्धा स्ट्रोक वाया नव्हे, पण तिसरा हिस्सा तरी दाबण्यात येतच नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला गॅरेजवाले मामा आले. मामांचा हात यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलवर बसलेला. कोल्हापुरातल्या शर्यतीच्या कितीतरी गाड्यांचे पोर्ट त्यांनी कोरलेत. कटरचा सिलिंडर हातात घेऊन खिडकीशी धरला, आत बघितलं आणि म्हणाले, "एक्झॉस्ट दोन मिमी वर उचल. बाकी काय बघायला नको."

मामांचा अनुभव खोटा नाही, गाडी वेगळी आहे. आरएक्सचा बोअर ५० आणि स्ट्रोकही ५०, इनटेकला रीड व्हॉल्व्ह (एकाच दिशेला उघडणारी पातळ पट्टी), आणि मागे तो फुगीर सायलेन्सर. एक्झॉस्टमधून निसटलेलं ताजं मिश्रण त्या फुगीर पाइपातली उलटी लाट परत सिलिंडरमध्ये कोंबते. म्हणून तिथे एक्झॉस्ट उंच परवडतो. कटरला मागे पत्र्याचा डबा. गेलेलं मिश्रण गेलंच. शिवाय रीड नाही, इनटेकचा दरवाजा म्हणजे पिस्टनचा खालचा काठ. पॅकिंग काढून आणि बेस कापून जे कॉम्प्रेशन मिळवणार, त्यातला तिसरा हिस्सा दोन मिमी उचलल्याने निघून जाईल. हिशोब मांडून दाखवला. मामा हसले. "मग डबा बदल की." डबा बदलायला जागा कुठे आहे? पुढे बार, मागे माणसाचा हात.

१८ जानेवारी, टप्पा पहिला

नुसतं पॅकिंग काढलं. लेथला हात नाही. बेसवर पॅकिंगऐवजी पेट्रोलला टिकणारं, हवा तुटल्यावर आवळणारं सीलंट, अगदी बोटाने पुसल्यासारखा पातळ थर. घरातलं सिलिकॉन इथे चालत नाही, पेट्रोलने फुगतं आणि तुकडा सुटून बेअरिंगमध्ये जातो.

मग दाबाची परीक्षा: इनटेक-एक्झॉस्ट रबर लावून बंद, प्लगच्या भोकातून हातपंपाने अर्धा बार. साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. उलट्या बाजूने व्हॅक्यूमही टिकला. क्रँकसील गळत असेल तर बाकीची सगळी मेहनत मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) करून पिस्टन जाळण्यासाठीच होते, म्हणून हे सोडू नये.

स्क्विश ०.६०. चेंबर सव्वासात सीसीच्या जवळ. सिलिंडर अर्धा मिमी खाली आला की सगळे पोर्ट खाली येतात: एक्झॉस्ट उशिरा, १०२ वर, ट्रान्सफर १२३ वर, इनटेक मात्र लवकर, ७८ ते ७९. खरा रेशो ६.७ वरून ७.७. काटा १६२. ओंडका १४.३ सेकंद.

पैसा न मोडता, एक तासाच्या कामात इतकं. बऱ्याच जणांनी इथेच थांबावं असं माझं मत आहे.

२३ जानेवारी

अण्णांना फोन केला, इथे थांबू का विचारलं. "दादा, चाललंय तर पुढं बघा की." ठीक.

लेथवर सिलिंडर धरायला मँड्रेल बनवला. अ‍ॅल्युमिनियमच्या गोल दांड्यातून, बोअरमध्ये हाताने सरकेल इतका, मध्ये चीर आणि शंकूचा बोल्ट. बोल्ट आवळला की मँड्रेल फुगतो आणि सिलिंडरला आतून धरतो. सिलिंडरचं हेड बंद, उघडं तोंड एकच, त्यामुळे बेसचा चेहरा चककडे येतो आणि टूल मागच्या बाजूने, चक आणि बेसच्या फटीतून घालावं लागतं. शेपटीकडचा सेंटर प्लगच्या भोकात. पहिल्या कटाला बेसच्या अर्ध्याच कडेवर चकाकी आली, उरलेला अर्धा काळाच. तोच तो सहा शतांशाचा तिरपेपणा, डोळ्याला दिसणारा. तिसऱ्या कटाला पूर्ण गोल चमकला.

एकूण ०.७० मिमी काढलं.

पण एवढं काढलं की पिस्टन हेडला आपटणार. ०.६० मधून ०.७० जातील कसे? म्हणून हेडच्या आतली स्क्विशची पट्टी ०.६० ने वर घ्यायची. सिलिंडर फेसप्लेटवर कडीने धरला, हेड आत, तोंड बाहेर, आणि लांब बोअरिंग बारने आत जाऊन पट्टी कापली. आवाजावरच काम. दिसत काही नाही.

इथे आरएक्सवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आरएक्सला बिडाची स्लीव्ह असते, ओव्हरसाइज पिस्टनला बोअर मारता येतो. या सिलिंडरला आत निकासिलचा मुलामा, निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण. माहले कंपनीने १९६७ च्या सुमाराला वँकेल इंजिनासाठी काढलेली पद्धत. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी. ती भिंतीवरून थोडी हेडकडे वळलेली असते. बोअरिंगचं टूल तिथे ओढलं तर मुलाम्याचा काठ उचलून पापुद्रा निघू शकतो. म्हणून शेवटचा कोपरा टूलने केला नाही. जुन्या पिस्टनच्या डोक्यावर एमरी चिकटवून हाताने फिरवला.

२७ जानेवारी, टप्पा दुसरा

स्क्विश ०.५०, आता चारही बाजूंनी सारखा. चेंबर ६.६ सीसी. कागदावरचा रेशो ११.९, खरा ८.६. सिलिंडर मूळ जागेपेक्षा १.२ मिमी खाली.

काटा १९०. दोरी हाताला झटका देते. वर्कशॉपातली पोरं गोळा झाली, एकाने व्हिडिओही काढला.

ओंडका: १४.१ सेकंद.

पहिल्या टप्प्यापेक्षा दोन दशांश. एवढी लेथ, एवढी चर्चा आणि दोन दशांश! मशीन दाबलं तर गुरगुरत खेचत राहतं, बंद पडत नाही, हे खरं. पण वर जातच नाही. टॅकोमीटरला लोडशिवायचे आरपीएमसुद्धा आधीपेक्षा हजारभर कमी.

डिग्री चकतीवर कारण लिहिलेलंच आहे. एक्झॉस्ट आता १०४.५ वर उघडतो. ट्रान्सफर १२६ च्या पुढे. म्हणजे ताजं मिश्रण आत यायला आणि जळलेलं बाहेर जायला मिळणारा वेळच आखडला. दहा हजार आरपीएमला एक अंश म्हणजे सेकंदाचा साठ हजारावा भाग. तिथे पाच अंश कमी म्हणजे पुष्कळ कमी. तुटपुंज्या हवेवर आवळून दाब देऊन काय होणार? सात-साडेसहाचा रेशो साडेआठवर नेला तर सैद्धांतिक फायदाच मुळात सात टक्क्यांच्या आसपास. बाकीची ताकद श्वासातून यायची, आणि आपण नेमका तो कोंडलाय.

काट्यावर भाळणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा: १९० पीएसआय, १४.१ सेकंद.

१ फेब्रुवारी

आता पोर्ट. आधी काय करायचं नाही ते:

एक्झॉस्टचा तळ खाली न्यायचा नाही. सिलिंडर खाली आल्यामुळे पिस्टन वर असताना त्याच्या स्कर्टचा (खालच्या भागाचा) काठ एक्झॉस्टच्या तळापासून फक्त १.१ मिमी खाली राहतो (मूळ २.३ होता). हे झाकण संपलं तर टीडीसीला क्रँककेस थेट सायलेन्सरला उघडी पडते आणि इनटेकमधून ओढलेलं मिश्रण मागच्या दाराने जातं. बेस कापणाऱ्यांपैकी फार थोडे हे मोजतात.

इनटेकचा तळही तसाच. तो आपोआप ८१ वर आलाय, यापुढे नेला तर कमी आरपीएमला कार्बोरेटरमधून मिश्रण उलटं थुंकायला लागेल. फक्त दोन्ही बाजूंनी थोडा रुंद.

करायचं ते असं. एक्झॉस्टचं छत ०.७ मिमी वर, म्हणजे १०२ अंश. रुंदी ३१.५ मिमी, बोअरच्या साठ टक्क्यांच्या जरा वर. याहून रुंद केला तर रिंग खिडकीतून बाहेर डोकावून अडकते. ट्रान्सफरचं छत जवळजवळ ०.८५ वर, १२२.५ वर आणायचं.

शाईने बोअर रंगवला, पिस्टन त्या त्या अंशावर थांबवून सुईने रेघ ओढली.

८ फेब्रुवारी

एक्झॉस्ट सोपा, बाहेरून हात जातो. ट्रान्सफरला मात्र दाताच्या डॉक्टरकडे असतं तसं काटकोनी हँडपीस लागतं, त्याच्या डोक्याएवढीच जागा ५२ मिमीच्या बोअरमध्ये. डायमंडचा बर, फिरण्याची दिशा अशी की मुलाम्यावर दाब पडेल, तो भिंतीपासून सोलला जाणार नाही. डाव्या-उजव्या ट्रान्सफरची छतं एका अंशात जुळवायची, नाहीतर एका बाजूचं मिश्रण आधी घुसून सरळ एक्झॉस्टची वाट धरतं. दोन्ही धारा एकमेकींवर आपटून मागच्या भिंतीकडे वळाव्यात, एवढ्यासाठी त्यांचा तो तिरका कोन असतो. तो कोन मी अजिबात बदलला नाही.

मामा मध्ये येऊन बघून गेले. अर्धा तास काही बोलले नाहीत. मग स्वतःच हँडपीस घेऊन उजव्या ट्रान्सफरचा कोपरा साफ करून दिला. माझ्यापेक्षा त्यांचा हात हलका आहे, वाद नाही.

प्रत्येक खिडकीच्या काठाला शेवटी बारीक उतार. वरच्या आणि खालच्या काठाला जास्त, बाजूंना कमी. बोट फिरवल्यावर नखाला काही लागता कामा नये. धुताना आधी रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी, मग लगेच ऑइल. डायमंडची पूड राहिली तर रिंगला पहिल्या दिवशीच संपवेल.

९ फेब्रुवारी

सायलेन्सर. मूळ तोंड अंगठ्याएवढंही नाही. त्याच्या शेजारी दुसरं पाडलं, आतला पत्रा थोडा उघडा केला. ठिणगी अडवणारी जाळी दोन्ही तोंडांना ठेवली. शर्यतीवाले ती काढतात. फेब्रुवारी ते मे सह्याद्रीत गवत कसं वाळलेलं असतं हे माहीत असलेल्या माणसाने काढू नये. एका ठिणगीचा वणवा अख्ख्या डोंगराला लागतो.

मॅग्नेट क्रँकवर जागच्या जागी धरणारी चावी घासून इग्निशनचं टायमिंग पुढे घ्या, असं बरेच जण सुचवतात. नाही घेतलं. दाब वाढला आणि स्क्विश घट्ट झाला की मिश्रण आधीपेक्षा लवकर जळतं, त्यात ठिणगीही आधी टाकली की ठोका (मिश्रण अवेळी भडकणं) यायचा धोका. साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं धरून चालायचं, चंदगडच्या पंपावर अण्णांना जे मिळेल ते.

१५ फेब्रुवारी, टप्पा तिसरा

काटा १८४. म्हणजे सहाने उतरला. पोरांचे चेहरे पडले.

कार्बोरेटर आधी लावला. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत. निव्वळ पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. तेव्हा जुन्या खुणेवर स्क्रू ठेवला तर मशीन पातळ चालतं. त्यात सायलेन्सर उघडलेला. हायचा स्क्रू (पूर्ण वेगाचं पेट्रोल ठरवणारा) उघडत नेला, पूर्ण थ्रॉटलला आवाज फुटेपर्यंत. तो भरभर-भरभर असा अडखळता आवाज लाकडात शिरल्याबरोबर साफ होऊन एकसुरी झाला पाहिजे, आणि बाहेर काढल्यावर पुन्हा फुटला पाहिजे. हवेतच कोणाचं मशीन शिट्टी मारल्यासारखं स्वच्छ वाजत असेल, तर त्याचा पिस्टन थोड्या दिवसांचा सोबती. ऑइल चाळीसास एक.

ओंडका: ११.९ सेकंद.

पुन्हा कानस, पुन्हा कापलं. १२.०, ११.८. भुशाऐवजी जाड फोडी उडत होत्या. सुरुवातीपेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त वेळ वाचला आणि त्यातला दोन तृतीयांश वाटा गेज सहाने खाली आल्यावर मिळाला.

मामांना फोन करून आकडा सांगितला. "दोन मिमी उचलला असतास तर दहात आलं असतं," म्हणाले. त्यांना एक बिघडलेला सिलिंडर देऊन टाकलाय, करून बघा म्हटलं.

२२ फेब्रुवारी

अण्णा मशीन घेऊन गेले. सांगितलेल्या गोष्टी: दोरी अर्धी ओढून सोडायची नाही, हँडल उलटा झटका देतं, मनगट दुखावतं. चेन ब्रेक रोज तपासायचा. बारचं टोक लागलं तर मशीन आता आधीपेक्षा जोरात अंगावर येईल. पँटऐवजी लुंगीवर कापणारा माणूस असेल तर त्याला हे मशीन द्यायचंच नाही. यावर अण्णा हसले, पण मी हसलो नाही. क्लच आणि स्प्रॉकेट महिन्याने दाखवायला आणायचे. थंड असताना थेट फुल रेस नाही.

२२ मार्च

मशीन तपासायला परत. प्लग बदामी, पोर्सेलिन कोरडं. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन बघितला: मशीनिंगच्या रेघा अजून शाबूत, उभा ओरखडा एकही नाही. रिंगच्या टोकांना चमक सारखी, म्हणजे खिडकीच्या काठाचे उतार बरोबर बसलेत. काटा १८६, रिंग बसल्यामुळे दोनाने चढला. स्प्रॉकेट झिजलंय, अपेक्षेपेक्षा लवकर. ते बदललं. पेट्रोल थोडं जास्त खातंय, अण्णांनी आधीच कुरकुर केली होती. ते खाणारच.

आता त्यांचं दुसरं, पन्नास सीसीचं मशीन ठेवून गेलेत. "याचंबी तसंच करा." त्याला लेथ लावणार नाही. पॅकिंग काढून सोल्डरने मोजायचं, अर्ध्या मिमीच्या आत येत असेल तर पातळ पॅकिंग घालायचं, आणि सायलेन्सर उघडायचा. मजुरी निम्मी सांगितली आहे.